पाठमोरी

फोटोतली बाई पाठमोरी होती आणि तिने माझा कोट घातला होता.

सोमवारी सकाळी, एका पायात बूट आणि दुसऱ्यात घरातली सपात अशा अवस्थेत मी तो कागद वाचला. बुटांच्या कपाटाच्या वर, जिथे एरवी गरम पाण्याच्या वेळा लावलेल्या असतात, तिथे. फोटो गेटावरच्या पहाऱ्याच्या कॅमेऱ्यातून काढलेला, करडा; कोपऱ्यात गुरुवारची तारीख, संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटं. गेटाजवळचा विजेचा खांब, खांबाच्या पायथ्याशी काळी साधी पिशवी, आणि तिच्यावर वाकलेली, टोपी डोक्यावर ओढलेली, घोट्यापर्यंत लांब काळ्या फुगीर कोटातली बाई. खाली मजकूर. सर्व रहिवाशांना नम्र विनंती. कचरा पालिकेच्या पिशवीतच भरावा. हाडं आणि खरकटं साध्या पिशवीत घालून खांबाशी ठेवल्याने शेजाऱ्यांना त्रास झाला आहे. आपल्या देशाच्या चालीरीती वेगळ्या असू शकतात हे आम्ही समजू शकतो. तरीही ज्या घरात राहतो त्या घराचे नियम पाळू या. संबंधित व्यक्तीने स्वतःहून भेटावे. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि माझ्या लक्षात आलं, की एकाही शब्दासाठी फोन बाहेर काढावा लागला नाही. दीड वर्षात पहिल्यांदाच. अर्धा सेकंद मला चक्क आनंद झाला. त्या अर्ध्या सेकंदाचा राग मला अजून येतो.

या घरात एकतीस खोल्या आहेत. त्यांत ‘आपला देश’ वेगळा असलेली मी एकटी.

भाषेच्या वर्गात जायचं होतं. चार वर्षांनी डॉक्टर होणारी माणसं जशी चालतात तशी इथली मुलं आमच्या सिल्लीम वस्तीच्या चढावरून खाली चालतात, मान खाली, कानात काहीतरी, आणि सगळी त्या कोटात. नोव्हेंबर लागला की एका दिवसात सगळं शहर तो कोट घालतं. पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडे माझ्या गावाहून, कोकंदहून आणलेला विटकरी रंगाचा कोट होता, आईने कॉलरला मखमल लावून दिलेला. बसमध्ये माणसं आधी कोटाकडे बघायची, मग चेहऱ्याकडे, मग खिडकीबाहेर. शेजारच्या खोलीतली सुग्योंग ताई एके दिवशी म्हणाली, “चल, तुला माणसात आणते.” आणि बाजारात नेऊन तिने स्वतःच्या कोटासारखाच कोट माझ्या अंगावर चढवला, मागून टोपी ओढली, मला आरशासमोर फिरवलं. “बघ. आता तू कुणीच नाहीस. किती बरं वाटतं की नाही?” मला खरंच बरं वाटलं होतं. कोकंदचा कोट मी पलंगाखालच्या पेटीत घातला. आणि आता तो कोट, कुणीच नसण्यासाठी घेतलेला, भिंतीवर होता आणि एकतीस खोल्यांना तो माझा म्हणून ओळखू येत होता.

चढ उतरता उतरता मला ते आठवलं, जे मला पहिल्या क्षणीच आठवायला हवं होतं. गुरुवारचा वास.

माझ्या आणि ताईच्या खोलीच्या मध्ये भिंत म्हणजे एक फळी आहे. तिने पान उलटलं तर मला कळतं. ती सरकारी नोकरीच्या परीक्षेला सहाव्यांदा बसली होती आणि गुरुवारी निकाल होता. सहाच्या सुमारास बाहेरून जेवण आलं, आणि फळीतून डुकराच्या मणक्यांच्या तिखट रश्शाचा वास माझ्या उशीपर्यंत पोचला. मग हाडं चोखण्याचा आवाज. मग रडणं. ती चोखत होती आणि रडत होती, दोन्ही एकाच वेळी. आपलं कुणी ऐकलं असं तिला वाटू नये म्हणून मी फोनवर भाषेचा ऐकण्याचा अभ्यास मोठ्याने लावला. दोन माणसं त्यात स्टेशनचा रस्ता विचारत होती. मी तोच रस्ता अकरा वेळा ऐकला. सातच्या सुमारास तिचं दार हळूच उघडलं होतं.

दुपारी मी मावशींकडे गेले. घर त्यांचं, सगळ्या मुली त्यांना मावशीच म्हणतात. शुक्रवारी मला परदेशी लोकांच्या कचेरीत राहण्याची मुदत वाढवून घ्यायची होती, आणि त्यासाठी ‘ही मुलगी माझ्याकडे राहते’ असा घरमालकिणीचा शिक्क्याचा दाखला लागतो. दाखला नसेल तर मुदत नाही. मुदत नसेल तर पुढचं सत्र नाही. पुढचं सत्र नसेल तर कोकंद, आणि मखमलीची कॉलर. कागद मी गेल्या आठवड्यातच त्यांच्याकडे दिला होता.

मावशी लसूण सोलत होत्या. समोर डोंगर.

“बस गं, बाळ. रताळं खा, गरम आहे.”

“मावशी, तो फोटो माझा नाही.”

“मी कुठे तुझं नाव लिहिलंय?”

“पण सगळ्यांना कळतंय की मला उद्देशून आहे.”

“बघ, तूच म्हणतेस कळतंय.” आणि त्या हसल्या, मी काही हुशारीचं बोलले असावे तशा.

“पिशवीत डुकराची हाडं होती ना?”

“होती. मी हातांनी उघडली. शी.”

“मी डुक्कर खात नाही. तुम्हाला माहीत आहे.”

त्यांनी एक पाकळी सोलली, तिच्याकडे पाहिलं, भांड्यात टाकली. “इथे आल्यावर सगळे खातात, बाळ. माझ्या भावाकडे भाड्याने राहायचा एक, उंच, दाढीवाला. तोही नाही नाही म्हणायचा. मग एकदा दारू पोटात गेल्यावर काय खाल्लं म्हणतेस. मी कुणाला बोलले का? देवाला काय तेवढंच काम आहे?”

“मी खात नाही.”

“बरं, नाही खात. दाखल्याचं म्हणत होतीस ना? देईन की शिक्का. मी काय अडवणार आहे तुला? आमची मुहय्यो ना तू. एक छोटं माफीपत्र लिहून आण, एक पान. मी ते ठेवून देईन, शेजारच्या म्हाताऱ्याने कटकट केली तर दाखवायला. तेवढाच तुझा लिहिण्याचा सरावही होईल.”

रताळं माझ्या हातात होतं. मी ते खाल्लं. मला याचाही राग येतो.

*

मसुदा पहिला. आदरणीय मावशी, थंडी वाढत चालली आहे, आपली तब्येत ठीक असेल अशी आशा करते. गेल्या गुरुवारी जे घडलं त्याबद्दल

*

इथे माफीपत्र हा लेखनाचा एक प्रकार आहे, जसा आपल्याकडे निबंध. वर्गात दगड भिरकावलेला पोरगा लिहितो, दारू पिऊन गाडी ठोकलेला नट लिहितो, कोर्टात आरोपी न्यायाधीशाला लिहितो आणि म्हणे त्याने शिक्षा कमी होते. आमच्या चौथ्या पातळीच्या पुस्तकात तो नववा धडा आहे. आधी ऋतू, मग झालेली गोष्ट, मग ती वाईट का याची जाणीव, मग पुन्हा न करण्याचं वचन. मी त्या धड्यात वर्गात पहिली आले होते. कल्पनेतल्या शेजाऱ्याची कल्पनेतली कुंडी फोडल्याबद्दल मी इतकी सुंदर माफी मागितली होती की मेंग बाईंनी ती मोठ्याने वाचून दाखवली.

त्यांना मंगळवारी तास संपल्यावर गाठलं. मेंग बाई आमच्याशी फार अदबीने बोलतात. आम्ही ग्राहक आहोत हे त्या कधी विसरत नाहीत.

“मुहय्यो, तुम्हाला त्रास होतोय हे मी समजू शकते.”

“बाई, ज्याने केलं नाही त्याने काय लिहायचं?”

“असं बघा.” त्यांनी खडूचे हात पुसले. “माफी म्हणजे गुन्ह्याची कबुली असते असं तुमच्याकडे मानत असतील. इथे तसं नाही. वातावरण बिघडलं, त्यात आपणही होतो, एवढंच. तुम्ही लिहिलंत की सगळ्यांना मोकळं वाटेल.”

“मला नाही वाटणार.”

“तुम्हालाही वाटेल.” आणि त्या थोड्या पुढे झुकल्या. “खरं सांगू? हे जमलं की भाषा आली. शब्द काय, कुणालाही येतात.”

म्हणजे मला भाषा येण्याला आता एका माफीचं अंतर उरलं होतं. मी दरवाजापाशी वाकून नमस्कार केला, जितका वाकायला शिकवलंय तितका. जिन्यात ओयुन भेटली, मंगोलियाची, माझ्या बाकावर बसणारी. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “लिही ना. ‘प्रिय डुकरा, तुझी हाडं मी चोखली नाहीत, मला क्षमा कर.’” मी हसले, आणि हसता हसता माझ्या दातांवर दात बसले. मला आठवलं, मी इथे किती हसते. पहिल्या आठवड्यात वर्गाचं जेवण होतं, भल्या मोठ्या भांड्यात उकळणारा रस्सा, त्यात गुलाबी तुकडे. “मांस बाजूला काढ आणि खा की,” कुणीतरी म्हणालं, आणि मी हसले. दुकानातल्या भाताच्या वळकटीतून हॅमची पट्टी दोन बोटांनी ओढून काढायची, कागदात गुंडाळायची, कुणी पाहिलं तर हसायचं. माझं न खाणं हे माझं घर होतं, एवढीशी जागा, आणि तिच्यात येणारा प्रत्येक जण बूट न काढता आत येत होता. मी दारात उभी राहून हसत होते. आता कुणी तरी सांगत होतं की असं घर कधी नव्हतंच.

*

मसुदा दुसरा. गेल्या गुरुवारी पिशवी मी ठेवलेली नसली तरी

(खोडलं.)

मसुदा तिसरा. पिशवी कुणी ठेवली हे महत्त्वाचं नसून

(‘महत्त्वाचं नसून’ या शब्दांवर कागद फाटेपर्यंत पेनाच्या रेघा.)

*

मंगळवारी संध्याकाळी बाबांचा फोन आला. त्यांच्याकडे दुपार. मागे कोंबडी ओरडत होती.

“दाखला झाला का?”

“माफी लिहून दे म्हणतात.”

“मग दे.”

“बाबा, मी काही केलेलं नाही.”

कोंबडी बोलत राहिली. मग ते म्हणाले, “मी तरी कुठे केलं होतं.”

बाबा इथल्याच आन्सान शहरात एका पत्र्याच्या कारखान्यात नऊ वर्षं होते. त्या नऊ वर्षांतून ते तीन शब्दसमूह घेऊन परत आले. हो. लवकर लवकर. आणि तिसरा, चुकलं साहेब. आमच्या घरी तो विनोद होता. कप फुटला, भात करपला, बाबा परसातून उशिरा आले, की ते दोन्ही हात मांड्यांना चिकटवून आईसमोर कमरेत वाकायचे आणि इथल्या भाषेत म्हणायचे, चुकलं साहेब, आणि मी आणि माझा भाऊ जमिनीवर लोळायचो. आम्हाला ते इतकं आवडायचं की आम्ही मुद्दाम कप पाडायचो. मी ही भाषा शिकायला आले त्याचं खरं कारण विचाराल तर ते त्यांचं वाकणं आहे. इतक्या गमतीदार भाषेत बाकी काय काय असेल, असं मला वाटलं होतं. लहानपणी एकदाही माझ्या मनात आलं नाही की ज्या माणसाला एका भाषेत तीनच गोष्टी बोलता येतात, त्यांतली एक ही असेल, तर ती त्याला किती वेळा बोलावी लागली असेल. आणि आवाज कसा असेल तेव्हा. विनोदातला नक्कीच नसेल.

“किती वेळा, बाबा?” मी विचारलं.

“काय किती वेळा?”

“चुकलं साहेब.”

“अगं, ते काय मोजायचं असतं? यंत्र बंद पडलं की म्हणायचं. कुणाचं का असेना. म्हटलं की साहेब निघून जायचा. त्यात काय जातं आपलं?” मग, “दाखला घे, मुहय्यो. उगाच ताठ राहू नकोस.”

बुधवारी दारात केळ्याच्या दुधाची छोटी बाटली होती. तिच्यावर पिवळी चिठ्ठी: धीर धर. खाली एक हसरा चेहरा काढलेला. अक्षर मी ओळखते, फळीपलीकडचं. ती बाटली उचलताना माझे कान तापले. मी ती उघडली नाही. बाटली घेऊन गच्चीवर गेले, कारण दुपारी ताई तिथे असते. वाळत घातलेल्या चादरींमधून येरझाऱ्या घालत कायद्याची कलमं पाठ करते, सातव्यांदा. कोट अंगात होता. माझ्याही.

मी बाटली तिच्यासमोर धरली.

तिने आधी जिन्याच्या दाराकडे पाहिलं. “हळू बोल.”

“मी अजून बोललेच नाही.”

“माझा निकाल लागला होता गं त्या दिवशी. पालिकेची पिशवी संपली होती. खाली दुकानात जायचं म्हणजे लोक दिसतात. मला कुणी दिसायला नको होतं.”

“मला कळलं ते. मी ऐकत होते.”

ती पांढरी पडली. मी ते ऐकलं होतं हे तिला पिशवीपेक्षा वाईट वाटलं असावं. त्या क्षणी ती बोलली असती तर मी बाटली उघडून अर्धी तिला दिली असती. ती बोललीही, पण हे बोलली:

“मावशींना सांगू नकोस. तुला त्या माफ करतील. तू परदेशी आहेस, तुला माहीत नव्हतं म्हणतील. मला कोण माफ करेल? मी इथलीच आहे. मला हे माहीत असायलाच हवं. सहा वेळा नापास, आणि वर कचरा टाकता येत नाही.” आणि तिने माझ्या बाहीला हात लावला, म्हणजे जवळपास तिच्याच बाहीला. “तुझं काय जातंय?”

आठवड्यात दुसऱ्यांदा. काय जातंय. मावशी, बाई, बाबा, ताई, सगळे प्रेमाने समजावत होते की माझ्याकडे अशी एक वस्तू आहे जी दिली तरी कमी होत नाही. माझी चूक. ती कुणालाही द्यावी, कुणाचीही आपल्या नावावर घ्यावी. मला ओरडावंसं वाटलं. पण गच्चीवर ओरडायचं नाही असा नियम आहे, तोही मी न अडखळता वाचलेला. मी दूध पाण्याच्या टाकीवर ठेवलं आणि खाली आले.

*

गुरुवारी वर्गाला गेले नाही. पलंगाखालची पेटी ओढली, तिच्यावर कागद ठेवला, पट्टीने ओळी आखल्या. आणि एकाच बैठकीत, शब्दकोश न उघडता, लिहिलं.

आदरणीय मावशी, थंडी वाढत चालली आहे, आपली तब्येत ठीक असेल अशी आशा करते. आपण सांगितल्याप्रमाणे मी आत्मपरीक्षण केलं. गुरुवारी खांबाशी पिशवी मी ठेवली नाही. कुणी ठेवली ते मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही, कारण ते मला कुणी विचारलं नाही. मला फक्त माफी मागायला सांगण्यात आलं. मी गेल्या हिवाळ्यात सगळ्यांसारखी दिसावी म्हणून एक कोट घेतला, ही माझी चूक आहे. माझ्याकडे चांगला कोट होता. मांस बाजूला काढून खा असं लोक म्हणाले तेव्हा मी हसले, ही त्याहून मोठी चूक आहे. ती पुन्हा होणार नाही. माझे वडील आन्सानमध्ये नऊ वर्षं कामाला होते. त्या काळात त्यांनी या भाषेत पुष्कळ माफ्या मागितल्या. त्यांतल्या ज्या त्यांनी न केलेल्या गोष्टींसाठी होत्या, त्या सगळ्या मी, त्यांची मुलगी, या पत्राने परत घेत आहे. कृपया नोंद घ्यावी. आपली विश्वासू, खोली बावीस, मुहय्यो.

शुक्रवारी अकरा वाजता कचेरीची वेळ मिळालेली होती. मावशी हे वाचतील, कागद टेबलावर ठेवतील आणि म्हणतील, दुसरी खोली बघ, बाळ. मी ते वाक्य त्यांच्या आवाजात इतक्या वेळा ऐकलं की शेवटी ते त्या बोलून गेल्यासारखंच वाटायला लागलं.

पण शुक्रवारी स्वयंपाकघरात वर्षभराची किमची घालणं चाललं होतं. जमिनीवर प्लास्टिक पसरलेलं, खारवलेल्या कोबीचे ढीग, मावशी मधोमध, कोपरापर्यंत लाल हातमोजे, चष्मा कपाळावर. बाजूला ताटात उकडलेल्या डुकराचे काप, वाफ निघणारे. या दिवशी ते ताज्या किमचीबरोबर खातात आणि घालणारी बाई आल्यागेल्याच्या तोंडात स्वतःच्या हाताने घास घालते. नाही म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही.

“आलीस? आण बघू.” मी कागद त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी डोळे बारीक केले. “अगं बाई, भरून पान. आणि ओळी बघ, शिवल्यासारख्या. हे मी तिथेच लावते, फोटोशेजारी. बाकीच्या पोरींना कळू दे परदेशी मुलगी किती छान लिहिते.”

“मावशी, आधी वाचा.”

“हात बघ माझे. चष्मा कसा खाली आणू? वाचीन गं नंतर.”

“आधी वाचा,” मी पुन्हा म्हटलं. मी दोनदा सांगितलं. हे लक्षात असू द्या.

त्यांनी कोबीचं एक कोवळं पान तोडलं, त्यात एक काप गुंडाळला आणि हात लांब करून माझ्या तोंडाशी आणला. लाल पाणी त्यांच्या मनगटावरून ओघळत होतं. “आ कर. आज कुणी बघत नाही.”

शिक्का खणात होता. खण त्यांच्या मागे. मला ती तिन्ही एका रेषेत दिसत होती, घास, मावशी, खण. माझे गाल सवयीने वर जायला लागले. मी त्यांना खाली आणलं. हसू न येणाऱ्या चेहऱ्याचं वजन किती असतं ते मला तेव्हा कळलं.

“नको. मी खात नाही.”

हात तसाच राहिला. दारापाशी दोन मुली उभ्या होत्या, त्या बोलायच्या थांबल्या. एक थेंब प्लास्टिकवर पडला, त्याचा आवाज झाला.

“खरंच नाही खात?”

“नाही.”

“कधीच?”

“कधीच नाही, मावशी.”

त्यांनी तो घास स्वतःच्या तोंडात घातला. चावत राहिल्या, माझ्याकडे बघत, फार वेळ. मग गिळला, उजव्या हाताचा मोजा ओढून काढला, मागे वळून खण उघडला आणि दाखल्यावर शिक्का मारला. जरा तिरका बसला. “जा. उशीर होईल,” त्या म्हणाल्या. एवढंच. बाळ म्हणाल्या नाहीत.

कचेरीतल्या माणसाने तिरक्या शिक्क्याकडे पाहिलंही नाही. सहा महिने दिले.

परत आले तेव्हा दोन वाजले असतील. दार ढकललं तर लसणाचा वास, आतून मावशींच्या डोक्यावरच्या, धूर ओढणाऱ्या पंख्याची घरघर. फोटो अजून होता. त्याच्या शेजारी माझं पत्र, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी, एका कोपऱ्यावर लाल अंगठा. आणि दोन्हींच्या समोर घोट्यापर्यंत लांब काळ्या कोटातली, टोपी ओढलेली बाई, पाठमोरी. ती वाचत होती. वाचून झालं असावं, पण ती हलत नव्हती. फोटोतली बाई आणि ती एकाच बाजूला तोंड करून उभ्या होत्या.

“वाचलंत का गं पोरींनो?” आतून आवाज आला. “नीट वाचा. शिका काहीतरी.” मावशींनी तोपर्यंत ते वाचलं होतं की नव्हतं, हे मला त्या आवाजावरून सांगता येईना.

“चुकलं,” ताई म्हणाली. भिंतीला. मला ऐकू येईल इतपत.

नवव्या धड्यात याला एक उत्तर आहे, दोन शब्दांचं, माफ करणारं. ते माझ्या जिभेवर आयतं तयार होतं, दीड वर्षाच्या सरावाने. मी ते तिथेच ठेवलं.

“मला नको सांगूस, ताई,” मी म्हटलं. “त्या आत आहेत.”

ती वळली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी बघितलं नाही. मी खाली वाकले होते, बुटाची नाडी सोडायला. आणि तिच्या सपाता, आधी दोन्ही माझ्या दिशेने होत्या, त्या वळल्या, थोडा वेळ तशाच राहिल्या, आणि मग स्वयंपाकघराच्या बाजूला एक पाऊल गेल्या.